काशीवास आणि रात्रपाळी

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या एका महाविद्यालयीन मित्राचे हिवाळ्याच्या आरंभी पत्र आले. त्याच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सारे मित्र माई म्हणतो, पुण्याच्या राहत्या घरी पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. शल्यविशारदांचे काम संपले होते. पुढचे काम कोणाचे, हा प्रश्न होता. दिवसातून दोनदा व्यायाम, आधार देऊन चालवणे, रात्री उठताना कोणी तरी जवळ असणे, एवढेच काही महिने हवे होते. माईंनी मात्र निराळेच मनात घेतले होते. त्यांच्या आजेसासूबाई काशीत संकठा घाटावरच्या गल्लीत एका मराठी वाड्यातील खोलीत अखेरची अकरा वर्षे राहिल्या होत्या. 'मलाही तिथेच नेऊन ठेवा,' असे माईंचे म्हणणे. मित्राने लिहिले होते, 'तू सरकारात आहेस, कामानिमित्त वाराणसीला जातोस. घाटावरच्या त्या जुन्या वाड्यांपैकी एखाद्यात आज परिचारिका आणि व्यायाम शिकवणारा माणूस मिळेल असे काही आहे का, एवढे पाहून कळव.'

फेब्रुवारीत शासकीय कामासाठी वाराणसीला जाणे झाले तेव्हा दोन संध्याकाळी आणि एक संपूर्ण रविवार या चौकशीस दिला. प्रस्तुत लेख त्या चौकशीचा वृत्तान्त आहे. मात्र चौकशी करता करता ती इतिहासात शिरली, आणि तिथून पुन्हा माझ्या रोजच्या विषयाकडे, म्हणजे खर्चाच्या शीर्षांकडे, वळली.

मणिकर्णिकेकडून उत्तरेस निघाले की आधी शिंदे घाट लागतो, मग संकठा, गंगामहाल, भोसले आणि पुढे मेहता, राम, जटार, ग्वाल्हेर, बालाजी असे करीत आपण पंचगंगेपाशी येतो. नावे वाचत चालणाऱ्या मराठी माणसाला आपण शेकडो कोस दूर आहोत याचा विसर पडावा अशी ही रांग आहे. संकठा घाट त्या रांगेत लहान. वरच्या बाजूस, गल्लीच्या आत, संकठा देवीचे मंदिर आहे. संकटे हरण करणारी ती संकठा, असा लोकांचा साधा हिशेब. शुक्रवारी गर्दी असते. देवळाच्या आजूबाजूची घरे जुनी, दोन-तीन मजली, आत दगडी चौक असलेली. काहींच्या ओसऱ्या पाहून नाशिकच्या पंचवटीची आठवण व्हावी. घाटावरून गल्लीत चढून जाण्यासाठी ज्या पायऱ्या आहेत त्या मी मोजू लागलो आणि चाळिशी ओलांडल्यावर मोजणे सोडून दिले. खुब्याचे हाड जुळलेल्या त्र्याऐंशी वर्षांच्या स्त्रीसाठी हा पहिला विचार, आणि तो मित्राच्या पत्रात नव्हता.

येथे दोन शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण परदेशस्थ वाचक आणि मी हे शब्द एकाच अर्थाने वापरीत नाही. 'नर्सिंग होम' म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दहा-पंधरा खाटांचे खाजगी इस्पितळ येते, जिथे बाळंतपण किंवा अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होते. मुंबई राज्याने १९४९ साली नर्सिंग होमांच्या नोंदणीचा कायदा केला तो अशा इस्पितळांसाठीच. अमेरिकेत वा इंग्लंडात त्याच शब्दाने वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचे निवासस्थान समजले जाते. दुसरा शब्द 'पुनर्वसन'. त्याने मराठी माणसाला कोयनेचे आणि उजनीचे धरणग्रस्त आठवतात. मोडलेल्या हाडानंतर पुन्हा चालायला शिकणे हेही पुनर्वसनच, हे अजून आपल्या कानाला सवयीचे नाही. ज्या गोष्टीला रुळलेला शब्द नाही, तिला अंदाजपत्रकात शीर्षही लवकर मिळत नाही, हा माझा नोकरीतील अनुभव आहे. असो.

रविवारी सकाळी ब्रह्मा घाटाच्या बाजूस राहणाऱ्या एका वयोवृद्ध मराठी गुरुजींकडे गेलो. त्यांचे घराणे अनेक पिढ्या काशीत आहे. त्यांच्या मराठीत हिंदीचा हेल आहे, पण व्याकरण आपल्यापेक्षा शुद्ध. मी माईंची हकिकत सांगितली. ते म्हणाले, 'खोली मिळेल हो. गंगेकडे खिडकी असलेलीही मिळेल. जेवणाचे पाहता येईल. पण रात्री उठणार कोण?'

तो प्रश्न घेऊन मी बाहेर पडलो आणि घाटावर बसून पुण्यास माईंना फोन लावला. विचारले, 'माई, तुमच्या आजेसासूबाई इथे अकरा वर्षे राहिल्या, त्यांची अखेरची दोन-तीन वर्षे तर अंथरुणात गेली असे आपण म्हणता. त्यांच्यासाठी रात्री कोण उठत असे?' माई जरा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, 'अरे, त्यांच्याबरोबर त्यांची एक पुतणी होती ना. बालविधवा. पाठवली होती तिला सोबत.' पुतणीचे नाव माईंना आठवेना. आजेसासूबाईंच्या काशीवासाची कथा त्या घराण्यात चार पिढ्या सांगितली जाते. त्या कथेत वाडा आहे, खिडकी आहे, देवीचे दर्शन आहे, गंगा आहे. पुतणी नाही.

काशीतील मराठी दानधर्माचा इतिहास मी पूर्वीही वाचला होता. पण या फोननंतर तो मनात निराळ्या रीतीने मांडला गेला.

अठराव्या शतकात मराठ्यांनी काशीवर जो पैसा खर्च केला त्याचे कागद बरेच उपलब्ध आहेत. पहिल्या बाजीरावांच्या काळात सदाशिव नाईक जोशी हे काशीत राहून पेशव्यांच्या वतीने घाटांची कामे पाहत. मणिकर्णिका, दशाश्वमेध, पंचगंगा येथील दगडी बांधकामांचा त्यांच्या पत्रांत उल्लेख येतो. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस गेल्या, आणि त्यानंतर तर दक्षिणेतून येणाऱ्यांची रीघच लागली. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर काशीत येऊन राहिले आणि ब्रह्मा घाट, दुर्गा घाट त्यांच्या खटपटीने उभे राहिले. आजही त्या भागात मराठी वस्ती आहे ती त्या काळापासूनची. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले ते सर्वश्रुत आहे. नागपूरकर भोसल्यांनी त्या शतकाच्या अखेरीस आपला घाट व त्यावरचा भव्य वाडा बांधला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास शिंदे घाट बांधविला. त्याच्या प्रचंड भाराने तो खचला आणि पुढे शंभर वर्षांनी शिंदे घराण्याला तो पुन्हा बांधावा लागला. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ एका बाजूस कललेले दिसते. कोणा एकाने आईचे ऋण फेडले म्हणून ते बांधले आणि तसे म्हणताक्षणी ते कलले, अशी दंतकथा नावाडी ऐकवतात. मी ती मित्राला कळविली नाही.

या सर्व दानांकडे लेखापालाच्या नजरेने पाहिले तर त्यांचे दोन वर्ग पडतात. एक, बांधकाम: घाट, देऊळ, वाडा, धर्मशाळा. दुसरा, अन्न: अन्नछत्र, ब्राह्मणभोजन, शिधा, दक्षिणा. पहिला भांडवली खर्च, दुसरा आवर्ती. आणि हा दुसरा खर्चही आपल्या पूर्वजांनी मोठ्या पद्धतशीरपणे केला. याचा एक नमुना अमृतराव पेशव्यांचा. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र १८०३ नंतर इंग्रजांचे वेतन घेऊन उत्तरेत आले आणि काशीत राहिले. गणेश घाटावरील विनायकाचे देऊळ त्यांचेच. १८२४च्या सप्टेंबरात बिशप हेबर काशीत आले आणि त्याच वर्षी अमृतराव निवर्तले. हेबर यांनी त्यांच्या वार्षिक दानाची जी पद्धत लिहून ठेवली आहे ती प्रशासनाच्या कोणत्याही अभ्यासकाने वाचावी अशी आहे. त्या दिवशी मागायला येणाऱ्या प्रत्येक ब्राह्मणास आणि भिक्षुकास ठरावीक मापाचे तांदूळ आणि एक रुपया मिळे. वाड्याच्या विस्तीर्ण बागेस चार दरवाजे होते. तीन निरनिराळ्या वर्गांतील याचकांसाठी, चौथा राव आणि त्यांच्या चाकरांसाठी. दान घेतलेल्या माणसाला बाहेर न सोडता बागेतच थांबविले जाई, म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा रांगेत येऊ नये. बागेत सावली होती, पाणी होते, सोबत होती. वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि कधी कधी ही रक्कम पन्नास हजार रुपयांवर जाई असे हेबर यांनी ऐकले होते. दुबार लाभार्थी टाळण्यासाठी आज आपण बोटांचे ठसे घेतो; अमृतरावांनी बाग वापरली. माझ्या मते त्यांची रीत अधिक सभ्य होती.

परंतु ज्याला त्या बागेपर्यंत चालत येणे शक्य नव्हते त्याचे काय? अन्नछत्राच्या दारी जो पोहोचतो त्याला अन्न मिळते. अंथरुणाला खिळलेल्या काशीवासी म्हाताऱ्याला कूस बदलून देणारे, त्याचे कपडे बदलणारे, त्याला हात धरून दारापर्यंत नेऊन आणणारे दान मला या सर्व कागदांत कुठे आढळले नाही. आपले पूर्वज निर्दय होते असा याचा अर्थ नाही. त्यांच्या लेखी ते काम घरचे होते. आणि घरी ते करायला कोणी ना कोणी होते. सून होती, मुलगी होती, नाही तर पाठवून दिलेली बालविधवा पुतणी होती. तिला पगार नव्हता म्हणून तिची नोंद नाही. खर्च झाला नाही तर व्हाउचर कशाचे करणार?

दगड आणि अन्न यांचे दान करता येते, शुश्रूषेचे का करता येत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. अन्नछत्रात एक स्वयंपाकी आणि चार मदतनीस शंभर पाने वाढू शकतात. आणखी पन्नास पाने वाढली तर तांदूळ वाढतो, माणसे फारशी वाढत नाहीत. शुश्रूषेत असे होत नाही. एका वेळी एकाच माणसाला कुशीवर वळविता येते. एका आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे आठवड्याचे काम ४८ तासांचे धरले, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, सणवार धरले की चारांहून अधिक. म्हणजे बारा खोल्यांच्या एखाद्या वाड्यात केव्हाही दोन माणसे जागी असावीत असे ठरविले, तर निदान आठ-नऊ पगार दरमहा दिले पाहिजेत. त्यात वैद्य नाही, स्वयंपाकी नाही, व्यायाम शिकवणारा नाही. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात नाटक-संगीताच्या संदर्भात दाखविले की, ज्या कामात माणसाचा वेळ हेच काम असते तिथे उत्पादकता वाढत नाही, पण पगार मात्र इतरांबरोबर वाढवावा लागतो. म्हणून असे काम वर्षानुवर्षे तुलनेने महाग होत जाते. चार वादकांचे वादन आज तीन माणसांत उरकता येत नाही. रात्रपाळीचेही तसेच.

जुन्या दानाचा पैसा ज्या रूपात ठेवला गेला त्यानेही भर घातली. गावाचा वा जमिनीचा महसूल लावून दिलेला असे तोवर धान्याच्या भावाबरोबर दानाचे उत्पन्नही थोडेफार वाढे. पुढे इंग्रजी अमदानीत अनेक दाने रोख रकमेत, ठरावीक व्याजाच्या सरकारी रोख्यांत गेली. साडेतीन टक्क्यांचा कागद १८९० साली भक्कम समजला जाई. १९५० साली त्याच व्याजात पूर्वीच्या निम्मी पानेही वाढता येत नव्हती. इंग्रजांनी या धर्मादाय मालमत्तांवर देखरेख करून पाहिली नाही असे नाही. १८१० सालचे एकोणिसावे रेग्युलेशन काशीलाही लागू होते. देवळे, पूल, सराया यांसाठी दिलेले उत्पन्न त्याच कामी लागते की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याने महसूल मंडळावर टाकली. १८६३च्या कायद्याने धार्मिक संस्थांपुरते सरकारने आपले हात काढून घेतले. त्या दोन्हींत इमारतीच्या दुरुस्तीचा विचार आहे. इमारतीत राहणाऱ्याचा नाही.

मग काशीत ज्याला आज आपण शुश्रूषागृह म्हणू ते प्रथम कोणी काढले? ते ना राजांनी काढले, ना सरकारने. १९०० साली काशीतील काही बंगाली तरुणांपैकी यामिनीरंजन मजुमदार यांनी विवेकानंदांची 'सखार प्रति' ही कविता वाचली आणि पहाटे बाहेर पडले असता त्यांना रस्त्याकडेला एक मरणासन्न वृद्धा दिसली. खिशात पैसे नव्हते; एका गृहस्थाकडून चार आणे मागून त्यांनी तिच्यासाठी दूध आणले. चारुचंद्र दास आणि केदारनाथ मौलिक हे त्यांचे सहकारी. हे दोघे पुढे अनुक्रमे स्वामी शुभानंद आणि स्वामी अचलानंद झाले. या मंडळींनी भाड्याच्या घरांतून काम चालविले. संस्थेच्या नावात आरंभी 'दरिद्रांचे दुःख निवारण' असा भाव होता. १९०२ साली विवेकानंद काशीत आले तेव्हा त्यांनी सुचविले की निवारण करणारे आपण कोण, सेवा म्हणावे. त्या वर्षअखेर संस्था रामकृष्ण मिशनकडे आली. लक्सा भागात स्वतःच्या जागेची पायाभरणी १९०८ साली झाली आणि १९१० साली ती उघडली. १९१२ साली श्रीशारदादेवींनी तिथे भेट दिली आणि दहा रुपयांची नोट दिली. ती त्यांनी जपून ठेवली आहे. आज तिथे मोठे रुग्णालय आहे आणि वृद्ध व अपंग स्त्रीपुरुषांसाठी स्वतंत्र निवासही आहे.

या संस्थेचे जमले कसे, हे मी बराच वेळ पाहत राहिलो. त्यांच्याकडे आरंभी वाडा नव्हता. म्हणजे आपल्या राजांनी जे दिले तेच नेमके नव्हते. जे होते ते म्हणजे रात्री उठणारी माणसे. ती संन्यासी होती, त्यांना वेतन नव्हते. बालविधवा पुतणीला पर्याय म्हणून संन्यासी आला, असे म्हटले तर ते कोणाला उणे लेखणे वाटेल. पण हिशेबाच्या दृष्टीने ते खरे आहे. फरक इतकाच की संन्याशाने ते काम स्वतः निवडले होते.

दुसरी तऱ्हा मुक्तिभवनाची. गिरजाघर चौकाजवळील विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका घरात दालमिया घराण्याच्या न्यासाने १९५८ पासून हे चालविले आहे. बारा खोल्या, साधारण पंधरवड्याची मुदत, गीतापाठ, भजन, गंगाजल. २०१६ सालच्या 'मुक्तिभवन' या हिंदी चित्रपटामुळे ही कल्पना आता परदेशातील वाचकांनाही परिचित आहे. तिथे औषधोपचार नाहीत, आणि घरचे कोणी तरी बरोबर असलेच पाहिजे हा नियम आहे. हा नियम मला निर्दय वाटत नाही. तो प्रामाणिक आहे. रात्री कोण उठणार हा प्रश्न दारातच विचारून त्यांनी तो सोडविला आहे. मात्र माईंना मरायचे नव्हते. निदान त्यांच्या डॉक्टरांच्या मते त्यांना अजून दहा वर्षे चालता येणार होते.

घाटाच्या रांगेतच एक इस्पितळ आहे. रामघाटाचा एक भाग १९६२ साली वल्लभराम शालिग्राम मेहता यांच्या नावे इस्पितळ झाल्यावर मेहता घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. संकठा घाटापासून हे चालत काही मिनिटांवर. राजाच्या नावाचा नव्हे, इस्पितळाच्या नावाचा घाट, ही गोष्ट मला आवडली. आणखी दक्षिणेस, लंकेच्या बाजूस, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय संस्थेत केंद्र सरकारच्या वृद्धारोग्य कार्यक्रमाखाली २०१०-११ पासून जे आठ प्रादेशिक केंद्र ठरले त्यांपैकी एक आहे; मुंबईचे जे. जे. हे दुसरे. म्हणजे उपचार शहरात आहेत. जे नाही ते उपचार आणि घर यांच्या मधले.

आमच्या सरकारी कामगिरीविषयीही लिहिले पाहिजे, कारण मी त्याच यंत्रणेचा भाग आहे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन 'करू शकेल' असे आहे. 'करील' असे नाही. मसुदा करणाऱ्याच्या लेखणीने तिथे जी माघार घेतली ती कोणत्या खात्याच्या सांगण्यावरून घेतली असेल याचा अंदाज मला करता येतो, कारण अशा टिपणांवर मीही सह्या केल्या आहेत. इमारतीचा प्रस्ताव आला तर तो एकदाच मंजूर करायचा असतो. पदनिर्मितीचा प्रस्ताव आला तर तो तीस वर्षे आणि नंतर निवृत्तिवेतन असा मागे लागतो. म्हणून आम्ही इमारती मंजूर करतो. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले त्यातील नव्या इमारतींत मुमुक्षू भवनही आहे. सरकारने स्वतः मुमुक्षूंसाठी घर बांधावे ही काशीच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. बांधकाम सुबक आहे. पण अशा कोणत्याही इमारतीपुढे उभा राहिलो की माझ्या मनात पहिला विचार येतो तो आकृतिबंधाचा: किती पदे, किती भरलेली.

खाजगी पैशाने जुन्या वाड्यांचे काय होते याचे उदाहरणही याच काठावर आहे. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२च्या सुमारास बांधलेला प्रासाद १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. आज तिथे महागडे हॉटेल आहे. तिथे उद्वाहन आहे आणि रात्री घंटी वाजविल्यास माणूस येतो. त्याचा खर्च कोण देतो हे उघड असल्यामुळे तो येतो. मला हॉटेलचा राग नाही. निदान वाडा उभा आहे. संकठा घाटावरच्या लहान वाड्यांत मात्र उद्वाहन बसविणेही अवघड. गंगेपासून दोनशे मीटरच्या आत नव्या बांधकामास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. दुरुस्तीस परवानगी लागते. आणि एकेका वाड्याचे इतके वारस आणि भाडेकरू आहेत की अर्ज कोणी करायचा येथूनच वाद. गल्लीत रुग्णवाहिका येत नाही. रुग्णाला खुर्चीवर वा खाटेवर उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागते, नाही तर घाटावर उतरवून नावेने. पावसाळ्यात खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या की तो मार्गही बंद.

काशीवरच हे बोट ठेवू नये. पुण्यात नव्या पेठेत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ साली अनाथ पंगु गृह निघाले, ते आज 'निवारा' या नावाने वृद्धांसाठी चालू आहे. बगदादहून मुंबईस आलेल्या एका ज्यू व्यापाऱ्याने पुण्यातील पांगळ्यांचा विचार करावा, आणि त्याच शहराच्या पेशव्यांचा पैसा काशीत पायऱ्यांना लागावा, याचा मी अर्थ लावीत बसत नाही. एक मात्र नोंदवतो. 'निवारा' पाहायला जाणारे पर्यटक नाहीत. वैकुंठ स्मशानभूमीकडे जाताना बहुतेक पुणेकर ते न पाहताच पुढे जातात. माईंच्या घरापासून ते रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आणि मीही पुण्यात शिकत असताना त्याच्यावरून शेकडो वेळा सायकलने गेलो आहे.

वाराणसीहून परतल्यावर मी मित्राला लांबलचक पत्र लिहिले. संकठा घाटावरच्या वाड्यात तुला हवे ते नाही. खोली आहे, खिडकी आहे, देवी आहे, पण रात्रपाळी नाही, ती तुला विकत घ्यावी लागेल, आणि पायऱ्यांचे मी काही करू शकत नाही, असे स्पष्ट लिहिले. व्यायाम पुण्यातच पुरे करावा. चालता येऊ लागल्यावर माईंना घेऊन ये. त्याला माझे पत्र कोरडे वाटले असावे. त्याचे उत्तर दोन ओळींचे आले.

पुढच्या नोव्हेंबरात ते दोघे आले. माई काठी घेऊन चालत होत्या. घाटांपासून दूर, कॅन्टोन्मेंटच्या बाजूस, तळमजल्यावरची जागा घेतली होती आणि दिवसाची एक व रात्रीची एक अशा दोन परिचारिका ठरविल्या होत्या. नऊ दिवस राहिले. शेवटी हिशेब झाला तेव्हा दोघींचे वेतन खोलीच्या भाड्याहून अधिक भरले. मित्राने कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, 'तुझे व्हाउचर.'

एका सकाळी नाव करून आम्ही माईंना संकठा घाटासमोर नेले. दिवसाची परिचारिका त्यांचा हात धरून बसली होती. मिर्झापूरकडची मुलगी, वीस-बावीसची. माई बराच वेळ वर पाहत होत्या. त्यातली कोणती खिडकी, असे त्यांनी मला विचारले. मला सांगता आले नाही. मग त्यांनी त्या मुलीला तिचे नाव विचारले, ते दोनदा म्हणून पाहिले, आणि मुलाला म्हणाल्या, 'हे लिहून ठेव हं.'